लहान गावांतली युद्धस्मारकं : नाव कुणाचं, आकडा कुणाचा?

आडवाटेचा (धागाकर्ता)

युद्धस्मारक म्हटलं की राजधानीतल्या कमानी आठवतात. दिल्लीचं इंडिया गेट, पॅरिसची विजयकमान, लंडनच्या व्हाइटहॉलमधला सेनोटाफ. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात, चर्चच्या दाराशी, शाळेच्या आवारात नाहीतर दोन रस्ते मिळतात तिथे जो एक दगड उभा असतो, त्याच्यासाठी हा धागा. राजधानीतलं स्मारक सरकार ठरवतं. गावातलं कमिटी ठरवते, आणि कमिटी म्हटली की भांडण आलंच. मला रस आहे तो त्या भांडणांत.

साध्या शिपायाचं नाव दगडावर कोरायचं, ही रीत आपण समजतो तेवढी जुनी नाही. शेकडो वर्षं युद्धाचं स्मारक म्हणजे राजा नाहीतर सेनापती. घोडा, तलवार, खाली जिंकलेल्या लढायांची यादी. शिपाई मेला की सरळ खड्ड्यात. अथेन्स हा ठळक अपवाद. तिथे इ.स.पू. पाचव्या शतकात त्या त्या वर्षी पडलेल्यांची नावं टोळीवार कोरून शहराबाहेरच्या केरामेइकोस दफनभूमीत लावत. बहुतेक वेळा बापाचं नाव नाही, हुद्दा नाही, नुसतं नाव. युरोपात पुढे ही रीत काही टिकली नाही.

बदल दिसतो तो १८१३ मध्ये. नेपोलियनशी लढायला प्रशियाच्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) राजाला नेहमीचं सैन्य पुरेना, म्हणून त्याने सामान्य प्रजेला हाक दिली. मार्चमध्ये लोहक्रॉस हे पदक काढलं, तेही शिपायापासून सेनापतीपर्यंत कुणालाही मिळेल असं. मे महिन्यात फर्मान सोडलं की प्रत्येक चर्चमध्ये त्या गावच्या खर्चाने एक पाटी लावायची आणि गावातून लढायला जाऊन मेलेल्यांची नावं तिच्यावर लिहायची. घरचा मुलगा मागायचा तर निदान त्याचं नाव तरी राखायला हवं, असा तो रोखठोक व्यवहार होता. ज्या ज्या देशाने पुढे सामान्य माणसाला बंदूक धरायला लावली, त्याला आज ना उद्या हा व्यवहार करावाच लागला. ब्रिटनमध्ये तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर (१८९९–१९०२) मोठ्या प्रमाणावर दिसतो, कारण त्या युद्धात गावोगावचे स्वयंसेवक गेले होते.

मग १९१४ आलं. ब्रिटनने १९१५ मध्येच ठरवून टाकलं की मृतदेह घरी आणायचे नाहीत. १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं आणि त्याने नियम केला की लॉर्डाचा मुलगा असो की खाणकामगाराचा, थडग्यावरचा दगड एकाच मापाचा. यावर प्रचंड आरडाओरड झाली, १९२० मध्ये संसदेत चर्चा झाली, पण नियम टिकला. बहुतेक आईबापांना फ्रान्सपर्यंत जाऊन ते थडगं बघणं परवडणारं नव्हतं. हजारोंच्या नशिबी तर थडगंही नव्हतं, कारण पुरायला काही सापडलंच नव्हतं. फुलं ठेवायला जागा हवी म्हणून गावातला दगड हेच थडगं झालं.

आता कमिटी बसते. पहिला प्रश्न, नाव कुणाचं? गावात जन्मलेल्याचं, राहणाऱ्याचं, की गावातल्या गिरणीत कामाला असलेल्याचं? युद्ध संपल्यावर फ्लूने लष्करी दवाखान्यात गेला तो धरायचा का? विषारी वायूने फुप्फुसं जळालेला माणूस घरी येऊन तीन वर्षांनी गेला, तो? बेपत्ता मुलाची आई नाव द्यायलाच तयार नसे, कारण नाव दिलं म्हणजे तो मेला हे कबूल केलं. यादी कशी करायची यावरून वेगळा वाद. हुद्द्याने लावली तर जमीनदाराचा कॅप्टन मुलगा सगळ्यांच्या वर. आद्याक्षराने लावली तर त्याच्या घोड्याची निगा राखणारा पोऱ्या त्याच्या डोक्यावर. बऱ्याच गावांनी आद्याक्षर पत्करलं. त्या काळच्या ब्रिटिश गावात ही लहान गोष्ट नव्हती.

आणि तारखा. काही दगडांवर १९१४–१९१८ असतं, काहींवर १९१४–१९१९. तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला, व्हर्सायचा तह झाला जून १९१९ मध्ये. कमिशनने तर आपल्या नोंदींची मुदत ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत धरली. म्हणून १९२० मध्ये वारलेला एखादा शिपाई कमिशनच्या दप्तरात युद्धात मेलेला असतो आणि गावच्या दगडावर त्याचा पत्ताच नसतो.

इतर देशांत काय झालं, आपल्याकडे काय झालं, ते प्रतिसादांत येऊ दे.

---

चौकस मावशी

छान धागा. एक शंका. एकाच माणसाचं नाव दोन-तीन ठिकाणी असतं असं वाचलंय. मग एकूण बेरीज चुकत नाही का?

---

आडवाटेचा

मावशी, चुकतेच. पण गावाला बेरजेशी देणंघेणं नव्हतं. आईबाप राहतात त्या गावात एक नाव, लग्न करून गेला तिथे दुसरं, शाळेच्या पाटीवर तिसरं, कामाच्या ठिकाणी चौथं. गावचा दगड हा आमचा कोण होता याचा हिशेब असतो. देशाचे किती गेले हे बघायला सरकारी दप्तरं आहेत.

---

शिलालेखी

धागाकर्त्यांनी सुरुवात थेट युरोपात नेली. जरा इकडेही बघा. गावच्या युद्धस्मारकांत वीरगळ कुठेच मागे नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गावकुसाबाहेर, मंदिराच्या आवारात शेकडो उभे आहेत. खालून वर वाचायचा. खाली लढाई, नाहीतर पळवलेल्या गायी सोडवताना झालेली झुंज. मधे अप्सरा वीराला वर नेताहेत. वर वीर शिवलिंगाची पूजा करतोय आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळ एकसरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. ते तेराव्या शतकातल्या शिलाहार–यादव संघर्षाशी जोडले जातात.

आणि हे राजाचे नाहीत हो. गायीगुरांसाठी मेलेल्या गावच्या माणसाचे आहेत. प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये जे केलं, ते इथल्या गावांनी त्याच्या कितीतरी आधी फर्मानाशिवाय केलं.

---

आडवाटेचा

शिलालेखी, वीरगळ हवेतच. पण बघा, महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात लेख असलेले बरेच मिळतात, आपल्याकडे कमी. मूर्ती आहे, प्रसंग आहे, नाव नाही. गावाला तो कोण हे माहीत होतं तोवर ठीक. चार पिढ्यांनी तो नुसता 'वीर' झाला. धाग्याचं शीर्षक म्हणूनच तसं ठेवलंय.

---

शिलालेखी

मान्य, पण लिहिता-वाचता न येणाऱ्या गावात नाव कोरून वाचणार कोण होतं? चित्र सगळ्यांना वाचता येतं.

---

फ्रेंचदाढी

मूळ लेखातला 'गावातला दगड हेच थडगं' हा मुद्दा ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला चपखल बसतो. फ्रान्समध्ये तो लंगडा पडतो. फ्रान्सने १९२० मध्ये कायदा करून कुटुंबांना सरकारी खर्चाने मृतदेह घरी आणायची मुभा दिली आणि दोन लाखांहून जास्त मृतदेह गावी आलेही. तरी स्मारकं उभी राहिलीच, आणि ब्रिटनपेक्षा जास्त सर्रास. तिथे सुमारे ३६,००० कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखे घटक. जवळजवळ प्रत्येकात स्मारक, आणि त्यातली बहुतेक १९२५ च्या आत उभारलेली. कारण आकड्यात आहे, साधारण तेरा-चौदा लाख मृत. नॉर्मंडीतलं थियेरव्हील हे गाव प्रसिद्ध कशासाठी, तर तिथे स्मारक नाही म्हणून. १८७० पासूनच्या कुठल्याच युद्धात तिथला कुणी मेला नाही.

ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने सरकारने अनुदान देऊ केलं, पण ते चिमूटभर. लोकसंख्येच्या मानाने मृत किती यावर ते ठरायचं. बाकी पैसा गावाचा आणि वर्गणीचा. खरी गंमत जागेची. १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळं केलं होतं आणि सार्वजनिक जागेवर नवं धार्मिक चिन्ह उभारायला बंदी होती, दफनभूमी सोडून. त्यामुळे मेयर डावा, धर्माला न मानणारा असला की स्मारक शाळेसमोर नाहीतर पंचायतीसमोर, क्रॉसशिवाय. पाद्र्याच्या गटाचं बळ असलं की दफनभूमीत, क्रॉससकट. स्मारक कुठे उभं आहे यावरून १९२० साली गावात कुणाची चालत होती ते अजून कळतं.

आणि सगळीच स्मारकं 'वीर अमर राहोत' म्हणत नाहीत. क्रूझ भागातल्या जांतियू गावात १९२२ च्या स्मारकावर सैनिक नाहीच. टोपी हातात घेतलेला एक शाळकरी पोरका मुलगा मृतांच्या यादीकडे मूठ रोखून उभा आहे आणि खाली कोरलंय, 'युद्धाला शाप असो'. सरकारी अधिकाऱ्यांनी उद्‌घाटनाला यायला नकार दिला. गावाने दगड काही हलवला नाही.

---

तिरपागडे

सगळे फार हळवे झालेत, म्हणून जरा व्यापाराचं बोलतो.

पुतळे कुठून आले? कॅटलॉगमधून. फ्रान्समध्ये एझेन बेने या शिल्पकाराचा विजयी शिपाई ओतशाळेतून शेकड्यांनी निघाला. एक हात वर, हातात पानांचा मुकुट, दुसऱ्या हातात बंदूक. रंगवून हवा तर रंगवून. अमेरिकेत व्हिकेस्नी नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धातला शिपाई तांब्याच्या पत्र्यातून ठोकून शंभराहून जास्त गावांना विकला.

त्याआधीचं प्रकरण याहून भारी. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) सव्वासहा लाखांच्या आसपास माणसं मेली. पुढच्या काही दशकांत गावोगावी कोर्टासमोर उंच चौथऱ्यावर बंदुकीवर हात टेकून उभा शिपाई आला. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टची एक कंपनी 'पांढरं कांस्य' म्हणून पुतळे विकायची. ते प्रत्यक्षात जस्त होतं! उत्तरेच्या गावाला हवा तर पट्ट्याच्या बकलावर एक अक्षरजोडी, दक्षिणेला हवा तर दुसरी. माणूस जवळपास तोच. जे एकमेकांच्या नरडीवर बसले होते, त्यांना एकाच साच्यातून काढून दोन्हीकडे विकलं.

तेव्हा नाव, शोक वगैरे ठीक आहे, पण पुष्कळ गावांनी शेजारच्या गावात आहे म्हणून पुतळा घेतला, एवढंच.

---

आडवाटेचा

तिरपागडे, साच्यातला पुतळा म्हणून शोक खोटा ठरत नाही. शंभर लोकांच्या गावाला शिल्पकार परवडत नाही. पुतळा कॅटलॉगचा असला तरी खालची यादी त्या गावाची असते, ती कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

दक्षिणेच्या पुतळ्यांचं मात्र निराळं आहे. ते युद्धानंतर लगेच आले नाहीत. सगळ्यात जास्त उभे राहिले ते १९०० नंतरच्या दोन दशकांत, म्हणजे युद्ध संपून चाळीस-पन्नास वर्षांनी. नेमकं तेव्हाच दक्षिणेतली राज्यं कृष्णवर्णीयांचे मतदानाचे हक्क काढून घेत होती आणि वेगळे डबे, वेगळ्या शाळा असे कायदे करत होती. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या बायकांच्या संघटनेने त्यासाठी निधी जमवला. दफनभूमीतला शिपाई आणि कोर्टाच्या दारातला शिपाई एकच काम करत नाहीत. कोर्टात न्याय मागायला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला तो पुतळा काय सांगत होता ते उघड आहे.

---

तिरपागडे

हे पटलं. भर म्हणून सांगतो, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला कोर्टासमोरचा असाच १९२४ सालचा शिपाई ऑगस्ट २०१७ मध्ये लोकांनी दोर लावून ओढला. खाली आला आणि पत्र्याच्या डब्यासारखा चेपला.

---

सायंतारा

बायकांचा उल्लेख निघालाच आहे तर पुढचं. वर्गणी गोळा केली बायकांनी, फुलं वाहिली बायकांनी, आणि यादीत त्या जवळजवळ नाहीत. परिचारिका एखाद-दुसरी दिसते. दारूगोळ्याच्या कारखान्यात मेलेल्या तर नाहीतच, कारण त्या 'लढताना' मेल्या नव्हत्या. ५ डिसेंबर १९१६ ला लीड्सजवळ बार्नबोच्या कारखान्यात स्फोट होऊन ३५ बायका गेल्या. युद्ध चालू होतं म्हणून ती बातमीही दाबली गेली. नंतर १९२५ मध्ये यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये बायकांच्या नावांचे लाकडी फलक लावले, त्यावर चौदाशेहून जास्त नावं आहेत. पण ते शहरात, मोठ्या चर्चमध्ये. त्यांच्या त्यांच्या गावच्या दगडावर बहुतेकींना जागा मिळाली नाही.

सगळीच स्मारकं दगडाची नसतात हेही सांगते. ऑस्ट्रेलियात बॅलरटला कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी पुढाकार घेऊन १९१७ ते १९१९ मध्ये २२ किलोमीटर रस्त्याच्या कडेने साडेतीन हजारांहून जास्त झाडं लावली. सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचं एक झाड, मेला असो की जिवंत परतलेला. व्हिक्टोरिया राज्यातल्या बारक्या बारक्या गावांतही अशा रांगा आहेत. इटलीतही १९२२ नंतर शाळकरी मुलांकडून प्रत्येक मृतामागे एक झाड अशी 'स्मरणवनं' लावून घेतली. मात्र ती फॅसिस्ट सरकारने वरून राबवलेली मोहीम होती, बॅलरटसारखी खालून आलेली नाही.

---

चौकस मावशी

परतलेल्यांची नावं कशाला? म्हणजे वाईट अर्थाने नाही विचारत.

---

सायंतारा

मावशी, ऑस्ट्रेलियाचं सैन्य पूर्ण स्वेच्छेचं होतं. सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. त्यामुळे कोण आपणहून गेला हे दगडावर दाखवणं महत्त्वाचं ठरलं. आणि कोण गेला नाही हेही, यादीत नाव नसण्यातून. लहान गावात हे फार बोचणारं असणार. सगळ्यांनी सगळ्यांना ओळखायचं, आणि रोज त्या दगडावरून जायचं.

---

उलटतपासणी

नाव नसण्यावरून इंग्लंडमधल्या लिंकनशायरचं फुल्स्टो हे गाव आठवलं. तिथला एक शिपाई दोनदा जखमी होऊन परत आघाडीवर गेला होता. शेवटी पलायनाबद्दल १९१७ मध्ये आपल्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. युद्धानंतर स्मारकाचं निघालं तेव्हा त्याचं नाव घालता येणार नाही असं ठरलं. बाकी घरांनी सांगितलं, त्याचं नाही तर आमच्याही मुलांचं नको. गावाने स्मारकच केलं नाही! शेवटी २००५ मध्ये त्याच्यासकट सगळ्यांच्या नावांची पाटी लागली. अशा ३०६ शिपायांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती पुढच्या वर्षी, २००६ मध्ये. म्हणजे गावाने सरकारच्या आधी माफ केलं.

---

फ्रेंचदाढी

जबरदस्त आहे हे. फ्रान्समध्ये तर 'फ्रान्ससाठी मृत' हा १९१५ च्या कायद्याने दिलेला अधिकृत शेरा आहे. शिक्षा म्हणून गोळ्या घातलेल्यांना तो नाही, आणि शेरा नसला की गावच्या यादीत नाव घालणं अवघड.

---

पाथरवट

मी दगडाच्या बाजूने लिहितो, इतिहासात फार गती नाही.

चुनखडीवर कोरलेली नावं पावसात विरघळत जातात. शहरी धुरातल्या आम्लाने आणखी लवकर. ग्रॅनाइट टिकतो, पण तो कोरायला महाग, म्हणून गरीब गावाने मऊ दगड घेतला आणि त्याची यादी आधी पुसली गेली. काही ठिकाणी अक्षरांत बारीक भोकं पाडून शिसं ठोकून बसवलेलं असतं. ते लांबून स्वच्छ वाचता येतं, पण एखादं अक्षर निखळलं की नाव बदलतं. सगळ्यात वाईट म्हणजे प्रेमापोटी केलेली सफाई. वाळूचा फवारा, आम्ल, तारेचा ब्रश. दगडाची वरची कडक साल निघाली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो आणि शंभर वर्षं टिकलेलं अक्षर काही वर्षांत जातं. शेवाळ दिसलं तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. शंका असेल तर हात लावू नये.

कांस्याच्या पाट्यांना वेगळाच धोका. भंगाराचा भाव वाढला की चोरीला जातात.

आणि जबाबदारी कुणाची? कमिटीने वर्गणी काढली, दगड उभा केला, हिशेब बंद केला आणि कमिटी संपली. ब्रिटनमध्ये १९२३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना देखभालीवर खर्च करायचा अधिकार दिला. अधिकार दिला, सक्ती केली नाही. त्या फटीत किती दगड पडले असतील ते बघा.

---

निमित्तमात्र

हरलेल्यांच्या गावांचं काय, हे कुणी विचारलं नाही अजून.

जर्मनीत पहिल्या युद्धात सुमारे वीस लाख मेले. तिथेही गावोगावी दगड आले, पण विजय लिहायची सोय नव्हती. ग्युस्ट्रो या लहान शहरात शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखने १९२७ मध्ये तिथल्या चर्चमध्ये एक आडवी तरंगती मानवाकृती टांगली. डोळे मिटलेले, हात छातीशी. ना शस्त्र, ना शौर्य. नाझींनी ती १९३७ मध्ये काढली आणि पुढे वितळवली. मित्रांनी गुपचूप दुसरी ओतून ठेवली होती, ती आता कोलोनच्या चर्चमध्ये आहे. तिच्यावरून तिसरी काढली, ती १९५३ मध्ये ग्युस्ट्रोला परत आली. एका लहान शहराचं स्मारक तीनदा ओतलं गेलं!

१९४५ नंतर याच जुन्या दगडांवर दुसऱ्या युद्धाची नावं आली. बऱ्याच गावांत दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं, दुसरी यादी आखूड, म्हणून जुन्याच दगडाला एक पाटी जोडून काम भागलं.

जपानचंही सांगतो. रशियाशी १९०४–०५ मध्ये झालेल्या युद्धानंतर तिथे गावोगावी, बऱ्याचदा शाळेच्या आवारात, 'चूकोन्ही' म्हणजे निष्ठावान मृतांचे दगड उभे राहिले. १९४५ च्या पराभवानंतर ताबा घेतलेल्या अमेरिकनांच्या काळात ते शाळांतून हटवायचे हुकूम निघाले. काही गावांनी दगड जमिनीत पुरून ठेवले आणि १९५२ मध्ये ताबा उठल्यावर पुन्हा काढले. ओसाकाजवळच्या मिनो शहरात शाळा वाढवायची होती, म्हणून नगरपालिकेने दगड सरकारी पैशाने हलवला. नागरिक कोर्टात गेले, धर्म आणि शासन वेगळं हवं म्हणून. खालच्या कोर्टात ते जिंकले, वरच्या कोर्टात हरले, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नगरपालिकेच्या बाजूने कौल दिला. फ्रेंचदाढींनी सांगितलेलं १९०५ चं भांडण जपानात पुन्हा भांडलं गेलं म्हणायचं.

---

मोडीवाचक

आता आपल्याकडचं, कारण शीर्षकातला 'आकडा' बहुधा याच्यासाठीच ठेवलाय.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसं गेली, साधारण ७४,००० मेली. नंतर सरकारने ज्या गावांतून जास्त भरती झाली तिथे संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर इंग्रजीत आणि ठरलेला. या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडा बदलायचा. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात, तिथले ४६ जण मेले. एका गावातून ४६. पण ठरलेल्या मजकुरात कुणाच्याही नावाला जागा नव्हती.

ज्या कमिशनने 'सगळ्यांना एकच दगड' म्हणून संसदेत झुंज घेतली, त्याच कमिशनने इराकमधल्या बसराचं स्मारक केलं. तिथे चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे. कमिशनने नेमलेल्या समितीनेच २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. पूर्व आफ्रिकेतल्या आफ्रिकी शिपायांच्या आणि हमालांच्या बाबतीत तर याहून वाईट होतं.

आणि गंमत बघा. भीमा कोरेगावचा स्तंभ १८२१ मध्ये सुरू झाला, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. तो कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला, पण त्यावर मेलेल्या साध्या शिपायांची नावं आहेत, त्यात महार शिपायांची कितीतरी. म्हणजे शंभर वर्षांआधी कंपनीला नावं कोरता येत होती. १९१९ मध्ये साम्राज्याला ती जड झाली. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि तेव्हापासून त्या दगडाचा अर्थ कंपनीच्या हातात राहिला नाही. दगडावर नुसता आकडा असता तर ते इतक्या सहज झालं असतं का, शंकाच आहे. बावीस नावांच्या शेवटचं 'नाक' (तेव्हा महारांच्या नावांना लागणारं शेपूट) लोकांना वाचता आलं, म्हणून आपली माणसं ओळखता आली.

---

पंच (संपादक मंडळ)

कोरेगावच्या लढाईवर चार प्रतिसाद आले होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे स्मारकांवरच बोलूया.

---

तिरपागडे

मोडीवाचक, पाट्यांवर नावं नसण्याला साधं कारणही असू शकतं. गावं हजारो, एकच मजकूर छापासारखा कोरायचा, खर्च कमी.

---

मोडीवाचक

खर्च वाचवला हे खरंच. पण कुणाच्या नावात काटकसर केली ते बघा ना. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं जे स्मारक झालं, त्यावर चार हजार सातशेच्या आसपास नावं आहेत, शिपायांसकट. युरोपियन प्रवासी येणार तिथे नावं, बसऱ्याला आकडे. हातात यादी नव्हती असं अजिबात नाही.

---

उंबरठा

यादी होती याला दुजोरा देतो. पंजाब सरकारने १९१९ मध्ये गाववार नोंदवह्या करून घेतल्या होत्या, सुमारे २६,००० पानं, तीन लाखांहून जास्त माणसं. नाव, बापाचं नाव, जात, गाव, पलटण, परत आला की मेला. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्रीनिच विद्यापीठ आणि ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संघटनेने त्यातल्या पहिल्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी जालावर टाकल्या. जालंधर, लुधियाना आणि सियालकोट. गावाच्या नावाने शोधता येतं. काही घरांना पणजोबा युद्धात होते हे तिथेच कळलं.

---

चौकस मावशी

म्हणजे आता त्या पाट्यांखाली नावं लावता येतील?

---

आडवाटेचा

लावता येतील, मावशी, पण पुन्हा कमिटी बसवावी लागेल. वहीत जात आहे, ती कोरायची का? मेलेल्यांचीच लावायची की ऑस्ट्रेलियासारखी गेलेल्या सगळ्यांची? वही फाळणीआधीची. काही गावांतली तेव्हाची अर्धी घरं सीमेपलीकडे गेली, त्यांची नावं आता इकडे कोरायची की तिकडे? आणि दगड जुना संगमरवरी असेल तर पाथरवट म्हणतात तसं त्याला हात न लावता शेजारी वेगळी पाटी उभी करायची.